मस्कोकाच्या माळावरचे छोटे नॉर्वे

टोरांटो शहरातून उत्तरेकडे जाणारा 400 क्रमांकाचा हमरस्ता बॅरी गावापर्यंत सपाट शेतांमधून जातो. पुढे 11 क्रमांकाचा रस्ता लागतो आणि ओरिलिया मागे पडले की मुलूख बदलतो. जमिनीतून गुलाबी-राखाडी कातळ वर येऊ लागतात, त्यांच्या फटींतून सुरूसारखी उंच झाडे, आणि दर वळणाला एक तळे. हा मस्कोकाचा प्रदेश. टोरांटोचे पैसेवाले लोक उन्हाळ्यात इथे तळ्याकाठच्या बंगल्यांत राहायला येतात. आम्ही मात्र मिसिसॉगाला राहणाऱ्या भाच्याच्या गाडीतून, मागच्या सीटवर डबे, थर्मास आणि दोन मुले घेऊन निघालो होतो ते मस्कोकाच्या विमानतळावर जुनी विमाने पाहायला. भाच्याने आदल्या रात्री विचारले होते, "मामू, मामी, तुम्हाला कंटाळा तर येणार नाही ना? तिथं बाजार नाही, मॉल नाही, नुसता माळ आहे." आम्ही म्हटले, कोकणात जन्मलेल्या माणसाला माळाचा कसला कंटाळा?

मस्कोकाचा विमानतळ ग्रेव्हनहर्स्ट आणि ब्रेसब्रिज या दोन गावांच्या मधोमध आहे. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या एस.टी. स्थानकाएवढी इमारत, एक लांब धावपट्टी, आणि भोवती जंगल. सप्टेंबरमधला शनिवार होता, मेपलची पाने नुकती कुठे लाल होऊ लागली होती. गवतावर दुमडत्या खुर्च्या मांडून बसलेली कुटुंबे, एका बाजूला कॉफीची गाडी, आणि खांबांवर शेजारी शेजारी दोन झेंडे. एक कॅनडाचा, दुसरा लाल कापडावर पांढऱ्या कडांचा निळा क्रूस असलेला नॉर्वेचा. नॉर्वे इथून समुद्रापार हजारो किलोमीटर दूर. त्याचा झेंडा या जंगलात कसा, हे कळल्याशिवाय त्या दिवसाचा अर्थ लागत नाही. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

9 एप्रिल 1940 रोजी जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला. हा देश लहान, लोकवस्ती तीस लाखांच्या आसपास, आणि विमानदल म्हणावे तर जुन्यापुराण्या यंत्रांचे. तरी ते लोक दोन महिने लढले. 7 जून रोजी राजे सातवे हाकोन, युवराज ओलाव आणि मंत्रिमंडळ उत्तरेकडच्या ट्रॉम्सो बंदरातून ब्रिटिश युद्धनौकेवर चढून इंग्लंडला गेले. देश गेला, पण सरकार शरण आले नाही. आता या सरकारकडे काय होते? दोनच गोष्टी. एक, जगभरच्या समुद्रांवर पसरलेली व्यापारी जहाजे, जी शत्रूच्या हाती लागली नव्हती. दुसरी, अमेरिकेच्या कारखान्यांकडे हल्ल्यापूर्वी मागणी नोंदवलेली विमाने. कर्टिस कंपनीची 36 लढाऊ विमाने, डग्लसची 36 हल्ला करणारी विमाने, आणि नॉर्थ्रॉपची पाण्यावर उतरणारी 24 विमाने. विमाने तयार होऊ लागली तेव्हा ज्या देशासाठी ती बनली, तिथे ती पाठवायची सोयच उरली नव्हती.

अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती, त्यामुळे तिच्या भूमीवर परक्या सैन्याला शिकवता येत नव्हते. इंग्लंडवर बॉम्ब पडत होते. मग कॅनडाने जागा दिली. टोरांटोच्या बंदरात, बॅथर्स्ट रस्त्याच्या टोकाला, समोरच्या बेटावर नुकताच बांधलेला विमानतळ होता आणि पाण्यावरच्या विमानांसाठी सरोवर होतेच. 10 नोव्हेंबर 1940 रोजी तिथे नॉर्वेच्या विमानदलाची छावणी रीतसर सुरू झाली. लोकांनी तिला नाव दिले 'लिटल नॉर्वे', छोटे नॉर्वे. जागा कॅनडाची, पण खर्च सगळा नॉर्वेने स्वतः उचलला. या शेवटल्या वाक्याकडे आम्ही पुढे परत येणार आहोत, वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

छावणी उघडली, विमाने आली. शिकायला माणसे कुठून आणायची? नॉर्वेतले तरुण रात्री जंगलांतून, बर्फातून सीमा ओलांडून स्वीडनला पळत होते. स्वीडन तटस्थ, पण चारी बाजूंनी वेढलेले. पश्चिमेला समुद्र जर्मनांनी रोखलेला. मग ही पोरे उलट्या दिशेने निघाली. मॉस्को, तिथून सैबेरियाची ती न संपणारी रेल्वे, मग जपान, मग पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिकेचा पश्चिम किनारा, आणि पुन्हा रेल्वेने टोरांटो. पश्चिमेकडच्या देशात पोहोचायला पूर्वेने सगळी पृथ्वी फिरायची. दुसऱ्या काही टोळ्या ओडेसा, इस्तंबूल, बगदाद करत बसऱ्याला आल्या, बसऱ्याहून आगबोटीने मुंबईला, आणि मुंबईहून आफ्रिकेला वळसा घालून केप टाऊनमार्गे अटलांटिकपार. 1941 च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावरही चाल केली आणि हे दोन्ही रस्ते बंद झाले.

मुंबईचे नाव वाचून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. बसरा-मुंबई ही वाट आपल्या लोकांच्या पायाखालची. खजूर याच वाटेने यायचा, आणि याच वाटेने आपले कोकणी खलाशी जायचे. एकोणीस-वीस वर्षांची, भाषा न समजणारी ती नॉर्वेची पोरे बोटीतून उतरल्यावर मुंबईच्या उन्हात कुठे फिरली असतील, कुणाच्या हॉटेलात चहा प्यायली असतील, हे आता कोण सांगणार? पण आपल्या बंदराची माती त्यांच्या बुटांना लागली होती, एवढे खरे.

अकराच्या सुमारास दक्षिणेकडून आवाज आला आणि मुले उभी राहिली. पहिली आली ती फेअरचाइल्ड कंपनीची कॉर्नेल विमाने. खालच्या अंगाला पंख, एकामागे एक दोन बैठका, पुढे शिकाऊ, मागे उस्ताद. पंख प्लायवुडचे, धडावर पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेले कापड. इंजिन सहा सिलिंडरचे, तेही उलटे बसवलेले, सिलिंडर खाली तोंड करून, म्हणजे वैमानिकाला समोरचे नीट दिसावे. पंखांवर नॉर्वेच्या झेंड्याचे लाल-पांढरे-निळे पट्टे. पहिली पहिली विमाने उघड्या बैठकांची होती. कॅनडाच्या हिवाळ्यात, पारा शून्याच्या खूप खाली असताना, तोंडावर वारा घेत ही मुले उडायला शिकली. कॅनडात बनलेल्या नंतरच्या कॉर्नेलवर काचेचे झाकण बसवले ते याच थंडीमुळे.

त्यांच्यामागून हार्वर्ड आले. कॉर्नेलवर हात बसलेले बरेच नॉर्वेजियन पुढचे धडे घ्यायला कॅनडाच्या विमानदलाच्या शाळांत, दूर मूस जॉपर्यंत गेले, आणि तिथे त्यांच्या हाती हेच हार्वर्ड आले. त्याचा आवाज ऐकावाच लागतो. पंख्याच्या पात्यांची टोके ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचतात, त्यामुळे नुसती घरघर न होता हवा करवतीने कापल्यासारखा कर्कश नाद निघतो. भाच्याच्या धाकटीने कानांवर हात ठेवले आणि मामीच्या ओढणीत तोंड लपवले. थोरल्याचा मात्र हिरमोड झाला. त्याला स्पिटफायर पाहायचे होते, आणि स्पिटफायर काही आले नाही.

आम्ही त्याला समजावले की स्पिटफायर ही नंतरची गोष्ट. इथून शिकून गेलेले वैमानिक इंग्लंडला गेले आणि ब्रिटिश विमानदलातल्या नॉर्वेच्या 331 आणि 332 क्रमांकाच्या तुकड्यांत स्पिटफायर चालवू लागले. लंडनजवळच्या नॉर्थ वील्ड तळावरून ते लढले, 1942 च्या ऑगस्टमध्ये दिएपच्या लढाईवरही होते. नॉर्थ्रॉपच्या पाणविमानांची 330 क्रमांकाची तुकडी आइसलँडला गेली, समुद्रात जहाजांच्या तांड्यांवर पहारा करायला. त्या 24 पाणविमानांपैकी एक 1943 मध्ये आइसलँडमधल्या एका नदीत उतरताना बुडाले होते, ते 1979 मध्ये गाळातून काढून दुरुस्त केले. आज ते नॉर्वेत संग्रहालयात आहे, आपल्या जातीचे एकटेच.

खरे सांगायचे तर आम्हांला लढाऊ विमानांचा शौक नाही. डोक्यावरून विमान गेले की खाली कुणाचे घर होते, हा विचार आपल्या घरांत वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणाच्याही मनात आधी येतो. म्हणून त्या दिवशी स्पिटफायर आले नाही याचे आम्हांला वाईट वाटले नाही. ही पिवळी-निळी शिकाऊ विमाने बघायला बरी वाटत होती. त्यांच्यावर बंदूक नाही. ती पोरांना चुकायला देण्यासाठी बनवलेली.

अर्थात चुकीची किंमत त्यांनाही द्यावी लागली. दुपारी विमाने रांगेत उभी राहिल्यावर लोक झेंड्यांजवळ जमले. सरावात मेलेल्या मुलांची नावे वाचून दाखवली. एक नाव, मग एक घंटा, मग थोडी शांतता. नावे आपल्या कानाला अवघड, वाचणारी बाई मात्र प्रत्येक नाव सावकाश, नीट उच्चारत होती. लढाई पाहण्याआधीच, दुसऱ्याच्या देशात, शिकता शिकता मेलेली ही मुले. घरी आईला कळवायचे तरी कसे? घर शत्रूच्या ताब्यात. त्यांतल्या कित्येकांना टोरांटोच्या माउंट प्लेझंट कबरस्तानात दफन केले आहे.

आमच्या शेजारच्या खुर्चीत एक वयस्क बाई होत्या. त्यांचे वडील इथे मेकॅनिक म्हणून शिकले होते. वैमानिकांइतकेच मेकॅनिक, रेडिओवाले, शस्त्रागारातले कारागीर इथे तयार झाले, सगळे मिळून तीन हजारांहून अधिक लोक. बाई म्हणाल्या, अब्बांनी (त्या अर्थात 'डॅड' म्हणाल्या) इथल्याच एका मुलीशी लग्न केले, लढाई संपल्यावर नॉर्वेला गेले आणि काही वर्षांनी परत इथे आले, कारण या तळ्यांनी त्यांना गावाची आठवण व्हायची. आणि खरेच, टोरांटोच्या बंदरात गर्दी वाढल्यावर 1942 च्या मे महिन्यात छावणी या मस्कोकाला हलवली, तेव्हा नॉर्वेच्या मुलांना आपल्याच मुलखात आल्यासारखे वाटले असणार. तेच कातळ, तीच झाडे, तेच पाणी. जवळच्या जंगलात त्यांनी लाकडी घरे बांधून विश्रांतीची जागा केली आणि युवराजांच्या वाड्याच्या नावावरून तिला 'वेस्ले स्काउगुम', धाकटे स्काउगुम, असे नाव दिले. छावणीचे प्रमुख ओले राइस्ताद हे 1928 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या लष्करी शर्यतीत जिंकलेल्या संघाचे नायक. त्यांच्या हाताखाली पोरांना विमानात बसण्याआधी रानोमाळ पळावे लागे.

आणखी एक गोष्ट ऐकून गंमत वाटली, आणि गंमत हा शब्द बरोबर नाही हेही कळले. याच ग्रेव्हनहर्स्ट गावात, तळ्याच्या काठावर, पकडलेल्या जर्मन अधिकाऱ्यांचा तुरुंग होता. म्हणजे ज्यांनी घर हिसकावले ते काटेरी तारेच्या आत, आणि ज्यांचे घर गेले ते वर आकाशात.

जुहरची वेळ झाली होती. इमारतीमागच्या गवतावर जानमाज टाकून आम्ही नमाज अदा केली, डबा उघडला, शामी कबाब आणि रोटी त्या शेजारच्या बाईंनाही दिली. मग इमारतीत गेलो. तिथे छोट्या नॉर्वेचे स्मारक केले आहे, छायाचित्रे, गणवेश, कागदपत्रे. आणि तिथे आमची गाडी त्या मघाच्या वाक्यावर येऊन अडली. खर्च नॉर्वेने स्वतः उचलला. कुठून?

उत्तर समुद्रात आहे. परागंदा सरकारने आपली हजाराहून जास्त व्यापारी जहाजे एका सरकारी संस्थेखाली आणली, तिचे नाव नॉरट्राशिप. त्या वेळची ती जगातली सगळ्यात मोठी जहाज कंपनी. तेल, धान्य, दारूगोळा वाहून तिने जे भाडे कमावले, त्यावर राजाचे सरकार चालले, सैन्य चालले, या विमानांच्या पेट्रोलपासून मुलांच्या बुटांपर्यंत सगळे चालले. आणि त्या कमाईची किंमत अशी, की जवळपास निम्मी जहाजे बुडाली आणि तीन हजारांहून अधिक खलाशी बुडाले.

या खलाशांचे पुढे काय झाले, हे मुद्दाम लिहितो. युद्धात नॉर्वेच्या खलाशाचा धोकाभत्ता ब्रिटिश खलाशापेक्षा जास्त होता. इंग्रजांनी तक्रार केली, आमचे लोक नाराज होतील. मग भत्ता कमी केला आणि फरकाची रक्कम एका गुप्त निधीत टाकली. लढाई संपली, खलाशी म्हणाले आमचे पैसे द्या. सरकारने दिले नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1954 मध्ये खलाशी हरले. अखेर 1972 मध्ये तिथल्या संसदेने सहानुभूती म्हणून, हक्क म्हणून नव्हे, समुद्रावर काढलेल्या प्रत्येक महिन्यामागे 180 क्रोनर द्यायचे ठरवले. तोवर कितीतरी जण गेले होते. सरकारने जाहीर माफी मागितली ती 2013 मध्ये. वैमानिक हिरो झाले, ते होण्याजोगेच होते. पण ज्यांच्या घामावर विमाने उडाली, त्यांना आपला मेहनताना मागत म्हातारे व्हावे लागले.

हे आम्हांला इतके का लागले, ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. रत्नागिरी आणि कुलाब्याच्या किनाऱ्यावर असे मुस्लिम मोहल्ले क्वचितच असतील जिथून त्या काळी कुणी बोटीवर गेले नाही. आमचे मरहूम आजोबा आगवाले होते, बोटीच्या पोटात भट्टीत कोळसा ओढणारे. पाणसुरुंग किंवा टॉर्पेडो लागला तर सगळ्यात आधी मरण भट्टीवाल्यांचे, कारण वर यायला शिड्या लांब. हिंदी खलाशाचा पगार गोऱ्याच्या पगाराचा लहानसा हिस्सा असे. 1939 मध्ये लढाई सुरू होताच आपल्या खलाशांनी इंग्लंडच्या बंदरांत संप केले, तेव्हा कुठे तो थोडा वाढला. नॉर्वेच्या जहाजांवरही हिंदी खलाशी होते. म्हणजे मस्कोकाच्या आकाशातल्या पेट्रोलात आपल्या किनाऱ्याचाही घाम थोडाफार मिसळला होता, असे म्हटले तर ती बढाई होणार नाही.

मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांचे घर आहे, पुष्कळ वाचकांनी ते बाहेरून पाहिले असेल. समुद्रात मेलेल्या आणि कबर न मिळालेल्या हिंदी खलाशांचे स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या हजारो जणांची नावे एका ग्रंथात नोंदवलेली आहेत. अब्दुल, इब्राहिम, हसन, दाऊद. घंटा वाजवून ती नावे मोठ्याने वाचणारे लोक आपल्यात अजून निघाले नाहीत. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, पुढच्या वेळी मुंबईला आलो की मला तिथं घेऊन चला." आम्ही हो म्हटले आहे. ज्यांच्या घरातून कुणी असा गेला असेल, त्यांनी आमची वाट पाहू नये, आधीच जाऊन यावे. नाव, गाव आणि बोटीचे नाव माहीत असल्यास सोबत लिहून न्यावे.

चार वाजता विमाने परत निघाली. कॉर्नेलने एकदा माळावरून खालून फेरी मारली, पंख डावे-उजवे हलवून सलाम केला आणि झाडांमागे गेले. आवाज मात्र बराच वेळ तळ्यावरून येत राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही टोरांटोत बॅथर्स्ट रस्त्याच्या टोकाला गेलो. मूळ छावणीच्या जागी आता 'लिटल नॉर्वे पार्क' आहे. 1987 मध्ये नॉर्वेचे राजे पाचवे ओलाव, म्हणजे लढाईच्या वेळचे युवराज, इथे येऊन गेले. एक मोठा दगड, त्यावर फलक, शेजारी मुलांचे झोके. समोरच्या बेटावर विमानतळ अजून चालू आहे, मध्ये पाण्याची जेमतेम सव्वाशे मीटरची पट्टी.

बेटांवर फिरायला जाणाऱ्या फेरीबोटी थोड्या पूर्वेला, बे रस्त्याच्या टोकाहून सुटतात. आम्हांला मिळाली तिचे नाव 'सॅम मॅकब्राइड', 1939 ची बांधणी. 1941 च्या जूनमध्ये नॉर्वेचे एक पाणविमान याच बंदरात याच बोटीवर आदळले आणि आतले दोघे जागीच गेले. त्यानंतरच छावणी गर्दीच्या बंदरातून हलवण्याची चर्चा वाढली. बोटीवर याचा कुठेही उल्लेख नाही. वरच्या डेकवर सायकली घेतलेली मुले होती, एक चिनी आजी संत्री सोलून नातवाला भरवत होती. भाच्याच्या थोरल्याने कठड्याला हात लावून विचारले, "मामी, कुठल्या बाजूनं धडकलं असेल?" आम्ही त्याला म्हटले, बेटा, ते आपण परतीच्या फेरीत कप्तानाला विचारू. तेवढ्यात भोंगा वाजला, आणि धाकटीने पुन्हा कानांवर हात ठेवले.